गोविंदाची हजेरी

पुणे
४ जानेवारी २०२६

प्रिय दीपा,

छापील पत्र बघून रागावू नकोस. चार वेळा फोन केला, तू उचलला नाहीस. आमच्या लखनदादाकडे तुझा मेडशीचा पत्ता होता, म्हणून कुरिअर करतेय. येत्या एक मार्चला आमच्या आबांना ऐंशी वर्षं आठ महिने पूर्ण होतात. म्हणजे सहस्रचंद्रदर्शन. गावात मांडव घालायचा, एक्याऐंशी दिव्यांनी ओवाळायचं आणि एक गौरव अंक काढायचा असं ठरलंय. अंकाचं काम अर्थातच माझ्या गळ्यात.

लेख बरेच आलेत. बाजार समितीच्या माजी सभापतींनी पाठवला, शाळेच्या हरीओम सरांनी कविता दिली. पण सगळ्यांत तेच 'खंबीर नेतृत्व' आणि 'गावाचा आधारवड'. मला एक घरगुती लेख हवाय आणि तो तूच लिहू शकतेस. तुझे बाबा, गोविंदाकाका, आमच्याकडे सव्वीस वर्षं सालगडी होते. आबा हल्ली त्यांच्याबद्दल सारखं बोलतात. म्हणतात, "आमी दोघं एका सालचे, एकाच दिवशी शाळेत गेलो. तो गैरहजर राहे तं म्याच त्याच्या नावानं हजर म्हनत होतो. मास्तरले पत्ता नाई लागला कधी." हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं गं. अशी मैत्री आता कुठे राहिली? त्यावर दोन पानं दे.

आबा आजही ठणठणीत आहेत. सकाळी दोन किलोमीटर चालतात, साखर नाही, बीपी नाही. साधं जेवण आणि नेम, एवढंच त्यांचं औषध. परवा म्हणाले, गोविंदाने तंबाखू सोडली असती तर तोही आज माझ्या शेजारी पाटावर बसला असता. किती खरं आहे ना.

हिरीबाई काकूंना नमस्कार सांग.

तुझीच,
मंजू

---

मेडशी
१४ जानेवारी

मंजुषा, जयभीम.

पहिल्यांदा फोन आला तेव्हा मी लसीकरणाला बसले होते. पुढच्या तीन वेळा उचलावासा वाटला नाही. खरं सांगितलेलं बरं.

माझी आई जाऊन चार वर्षं झाली. नमस्कार पोचवायची सोय नाही.

'गोविंदाकाका' वाचून मला पत्र खाली ठेवावं लागलं. तुमच्या ओट्यावर ते 'गोविंद्या' होते. बढती मिळाली हे चांगलंच झालं, तेवढ्यासाठी मरावं लागलं इतकंच.

लेख देते. पण माझ्या दोन अटी आहेत. पहिली, आपल्या शाळेचं १९५१ सालचं दाखल-खारीज रजिस्टर मला बघायचंय. तुझे आबा शाळा समितीवर आहेत, हरीओम सरांना एक शब्द टाकला की काम होईल. मी आरोग्यसेविका आहे, अठरा वर्षं जन्ममृत्यूची नोंद ठेवतेय. आकडे बघितल्याशिवाय मला लिहायला सुचत नाही, ही माझी खोड समज.

दुसरी अट, पत्र हाताने लिही. छापील परिपत्रकं मला नोकरीत रोज येतात. अनसिंगच्या हायस्कूलमध्ये आपण एका बाकावर बसायचो तेव्हा तुझं अक्षर सगळ्या वर्गात सुंदर होतं. तीस वर्षांत ते पाहिलं नाही. पाहायची इच्छा आहे.

धम्मदीपा

---

पुणे
२१ जानेवारी

प्रिय दीपा,

घे, हाताने लिहितेय. बोटं दुखायला लागली, सवयच राहिली नाही. पण 'र' ला तीच गाठ आणि 'द' ला तीच शेपटी आहे बघ. कुलकर्णी बाई म्हणायच्या, मंजूचं अक्षर कोर्टातसुद्धा ओळखू येईल.

काकू गेल्याचं खरंच माहीत नव्हतं. लखनदादा काही सांगत नाही. माफ कर.

रजिस्टरचं काम झालं. आबांनी एका फटक्यात हो म्हटलं. "पाहू दे तिले, गोविंदाची पोरगी हाय." हरीओम सर शनिवारी दुपारपर्यंत शाळेत असतात. पण दीपा, एक सांगू? अंक आनंदाचा आहे. कोणाला टोचेल असं काही लिहू नकोस. तुझ्या भाषणांबद्दल मी ऐकून आहे.

अक्षरावरून आठवलं. आबा सरपंच होते तेव्हा त्यांचे सगळे अर्ज मीच लिहायचे. ते ओट्यावर येरझारा घालत सांगायचे आणि मी जमिनीवर पालथी पडून लिहायचे. आई आतून करंजी नाहीतर शेंगदाण्याचा लाडू आणून हातावर ठेवायची. तिलाही बघता बघता एकोणीस वर्षं होतील. गोवऱ्या काढायला गेली आणि सापाने डसलं. घरी गाडी होती, पैसा होता, लखनदादाने शंभरच्या वेगाने गाडी काढली, तरी वाशीम आलं नाही. पंचावन्न वर्षांची होती. नशिबापुढे कोणाचं काही चालत नाही.

लेखाची वाट बघते.

मंजू

---

मेडशी
२ फेब्रुवारी

मंजुषा,

अक्षर मिळालं. अगदी तेच आहे. जपून ठेवलंय.

शनिवारी शाळेत गेले होते. हरीओम सरांनी रजिस्टर झटकून दिलं आणि समोर बसून राहिले, एखादं पान फाडीन अशी भीती असावी. १९५१ साली पहिलीत सतरा मुलं दाखल झाली. सतराच्या सतरा मुलांची जन्मतारीख १ जुलै १९४५ आहे. कोणाच्या आईबापाला तारीख माहीत नव्हती, मास्तरांनी सोयीची एक घातली आणि खाली ओढत नेली. म्हणजे तुझ्या आबांचे हजार चंद्र ज्या तारखेवरून मोजलेत ती मास्तरांनी दिलेली आहे आणि तीच माझ्या बाबांचीही आहे. एका दिवसाचे, एका गावाचे, एका मास्तरचे सतरा भाऊ.

मग मी माझं नेहमीचं काम केलं. घरोघर जाऊन विचारलं, पंचायतीच्या मृत्यूनोंदी ताडून पाहिल्या. सतरापैकी सहा जण विहीर-बागाईतवाल्या घरचे. त्यातले तिघे आज जिवंत आहेत. बाकीचे एकाहत्तर, चौऱ्याहत्तर आणि सत्त्याहत्तराव्या वर्षी गेले. उरलेले अकरा आमच्या वस्तीतले, तांड्यावरचे आणि गावातल्याच बिनजमिनीच्या घरचे. त्यांतला एकही आज नाही. साठी पार केलेला एकच. दोघे तिसरीतही पोचले नाहीत, गोवराने गेले. पुंजाजी अडतीसचा असताना क्षयाने गेला, किसन चव्वेचाळीसला काविळीने. झ्यामसिंग सत्तावन्नपर्यंत ओढला, पण शेवटची सहा वर्षं खाटेवर. अकरा जणांचं सरासरी आयुष्य सेहेचाळीस भरतं. गोवर सोडून मोजलं तरी पंचावन्नच्या पुढे जात नाही.

आता तंबाखू. सहापैकी पाच जण तंबाखू खात होते. तुझे आबा पंचाहत्तरीपर्यंत खात होते, अकोल्याच्या डॉक्टरांनी दातांसाठी बंद केली. माझे बाबा त्रेपन्नाव्या वर्षी गेले ते तंबाखूने नाही. ऑगस्ट १९९८ मध्ये तुमच्या धुऱ्याकडच्या, बांधालगतच्या कपाशीवर फवारणी करत होते. नाकाला फडकं नाही, पाठीवरचा पंप गळका. बांधावर पडले तेव्हा तोंडाला फेस होता. बैलगाडीने फाट्यापर्यंत, तिथून एस.टी.ने. सव्वातीन तास लागले. या विषावरचं इंजेक्शन कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात असतं, तिथे सापावरचंही असतं. तुमची जीप त्या दिवशी गावाला गेली होती, तिच्याबद्दल मी कधीच काही बोलणार नाही. जीप तुमची होती.

आणि हजेरीची ती मैत्री. मलाही ती गोष्ट माहीत आहे, बाबा सांगायचे. आमच्या वस्तीतली मुलं वर्गात नाही, बाहेर ओसरीत बसायची. मास्तर मान वर न करता नावं घ्यायचे. तुझ्या आजोबांच्या म्हशी राखायला माणूस हवा होता, म्हणून बाबा म्हशींमागे जायचे आणि तुझे आबा, उकंडराव, खिडकीजवळून बारीक आवाजात 'हजर' म्हणायचे. रजिस्टरात चार वर्षं बाबांची हजेरी भरलेली आहे, एकही दांडी नाही. माझ्या बापाची हजेरी पूर्ण आहे आणि त्याला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं.

माझ्या उपकेंद्रात एक तांडा येतो. सगळ्यांकडे तीन-चार एकर कोरडवाहू, माडीचं घर एकही नाही. तिथे सत्तरी ओलांडलेली माणसं मी मोजून थकते. मागे दोन आठवडे मी आजारी होते तर बाया टेम्पो करून तालुक्याला जाऊन बसल्या, दुसरी नर्स घेऊनच उठल्या. तिथे नर्स आली नाही तर सगळ्यांचंच अडतं. आपल्या गावात ज्याच्या शब्दाला वजन आहे त्याचं कधी अडत नाही, त्याची गाडी अकोल्याला जाते. म्हणून आपल्या गावात काही उभंच राहत नाही. आणि मग अशा गावात मोठ्या घरची माणसंही वाटेवरच जातात. ती यादी वेगळी आहे. सध्या पाठवत नाही.

यादी आणि हे पत्र, हाच माझा लेख. छाप.

धम्मदीपा

---

पुणे
८ फेब्रुवारी

दीपा,

हे मी छापणार नाही, आणि तू ते जाणूनच लिहिलंयस.

तुला लेख मागितला तो मी. आबांनी रजिस्टर उघडून दिलं. त्याची ही परतफेड? सतरा मुलांतली अकरा गेली याला माझे वडील जबाबदार? गोवर त्यांनी आणला? वस्तीत नळ आला तो कोणाच्या सरपंचकीत? रक्तदान शिबिरं कोणी घेतली? काकांच्या तेराव्याला, तुमच्याकडे जे काही म्हणतात त्याला, धान्याचं पोतं कोणाच्या घरून आलं होतं?

तुला सरकारी नोकरी आहे. तुझा अश्वजित इंजिनिअर झालाय असं ऐकलं. आता आणखी काय हवंय? काही माणसांना जखम बरी झालेली आवडत नाही, खपली काढत बसतात.

आणि कृपा करून 'मोठ्या घरची माणसं' असं लिहू नकोस. माझीही आई गेली आहे. पैसा असून गेली. मरण जात बघत नाही, सातबारा बघत नाही. एवढं तरी तुझ्या रजिस्टरात लिही.

अंक छापायला गेला. तुझं पान मी कोरं सोडलेलं नाही, तिथे खताची जाहिरात घातली.

मंजुषा

---

मेडशी
१५ फेब्रुवारी

मंजुषा,

जाहिरात घातलीस हे बरं केलंस. निदान त्यातून कोणाला काही मिळेल.

मरण सातबारा बघत नाही म्हणतेस. बघतं. मी अठरा वर्षं त्याच्या मागून फिरतेय, ते कुठल्या दारात आधी जातं मला माहीत आहे. पण तुझ्या आईबाबतीत ते चुकलं हे खरं. का चुकलं ते आता सांगते. खाली बसून वाच.

सोबत एक झेरॉक्स आहे. गेल्या वर्षी माहितीच्या अधिकारात मिळाली. १९९५ साली आपल्या गावाला प्राथमिक आरोग्य केंद्र मंजूर झालं होतं. डॉक्टर, चोवीस तास नर्स, गाडी, सगळं. जागा ठरली होती वस्तीलगतच्या गावठाणावर, तुमच्या फाटकापासून चारशे पावलांवर. मी स्वतः मोजलीत. १२ नोव्हेंबरला गावातून विरोधाचा अर्ज गेला: "सदर जागा वस्तीलगत असल्याने गावातील स्त्रिया सदर ठिकाणी जाण्यास तयार नाहीत. सदर जागेवर दवाखाना झाल्यास गावात तेढ निर्माण होईल. तरी सदर दवाखाना आमच्या गावी नको." केंद्र दुसऱ्या गावाला गेलं. तिथे ते आजही चालू आहे, तिथल्या बाया तिथेच बाळंत होतात.

पहिली सही सरपंच उकंडरावांची. खाली त्रेचाळीस सह्या, सात अंगठे. विरोध एकट्या वरच्या आळीचा दिसू नये म्हणून वस्तीतले अंगठे लागत होते. आठव्या ओळीवर बघ. 'गोविंदा, निशाणी डावा अंगठा.'

त्या दिवशी बाबा घरी आले तेव्हा मी चुलीपुढे भाकरी टाकत होते. आईला म्हणाले, "दवाखाना येऊन राह्यला, हिरे. आपल्या वस्तीपाशीच. मालकानं कागद केला, म्याबी अंगठा देला." आईने गूळ काढला. त्यानंतर सवड मिळाली की बाबा कुऱ्हाड घेऊन त्या जागेवर जायचे आणि बाभळी तोडायचे, इमारतवाल्यांना त्रास नको म्हणून. मरेपर्यंत तोडत होते. ज्या दवाखान्याला त्यांनी स्वतः नाही म्हटलं होतं त्याची जागा साफ करत होते, आणि त्यांना ते वाचता आलं नाही, कारण शाळेत त्यांच्या नावाला दुसराच कोणी हजर म्हणत होता.

आता तुझी आई. सापाने डसल्यापासून ती एक तास दहा मिनिटं जिवंत होती. लखननेच मला सांगितलं. चारशे पावलं चालायला म्हाताऱ्या माणसालाही सहा-सात मिनिटं लागतात.

आणि आता अक्षर. अर्ज हाताने लिहिलेला आहे. 'र' ला गाठ आहे. 'द' ला शेपटी आहे. मला वाटलं होतं पण खात्री नव्हती, म्हणून तुझ्याकडून हाताचं पत्र मागवलं. दोन्ही कागद शेजारी ठेवून बघितले. कुलकर्णी बाई बरोबर म्हणायच्या.

त्याला नशीब म्हणतेस ना? ते तू लिहिलंयस, मंजू. ओट्यावर पालथी पडून, करंजी खात.

या अर्जाच्या मी चारशे प्रती काढल्यात. एक मार्चला मांडवात प्रत्येक खुर्चीवर एक ठेवीन. आबांच्या पाटावर प्रमाणित नक्कल, तहसीलच्या शिक्क्याची.

धम्मदीपा

---

काटेपिंपळ
२० फेब्रुवारी

दीपा,

मी गावी आलेय. तुझं पत्र मला निघायच्या दिवशी मिळालं, रेल्वेत वाचलं.

अर्ज मला आठवला. विसरले होते असं म्हणणार होते, पण आठवला. दिवाळीची सुट्टी होती. 'सदर' शब्द किती वेळा घालायचा यावर मी आबांशी हुज्जत घातली होती. मला शब्दांतच गंमत वाटत होती, अर्थाकडे लक्षच नव्हतं. लिहून झाल्यावर आईने कागद हातात धरला. तिलाही वाचता येत नव्हतं हे तुला माहीत आहे. नुसतं बघून म्हणाली, "कसं मोत्यावानी लिवलं माय." तिने तो जपून आबांच्या पिशवीत ठेवला.

काल चारशे पावलं चालून आले. माझ्या पायांनी तीनशे सत्तरच होतात. तिथे आता लोक शेणखत टाकतात.

लखनदादाला अजून काही सांगितलेलं नाही. आबा रोज मांडवाचे बांबू मोजतात, खूश आहेत. मी त्यांच्याकडे बघते आणि मला त्यांचा इतका राग येतो की ताटावरून उठावं लागतं. मग आठवतं की लिहिणारी मी होते, आणि रागाला जागा उरत नाही.

प्रती ठेवू नकोस. ऐंशी वर्षांच्या माणसाला चारशे लोकांसमोर मारू नकोस. तू सांगशील ते करते.

मंजुषा

---

मेडशी
२३ फेब्रुवारी

मंजुषा,

त्रेपन्न वर्षांच्या माणसाला कोणी नसताना बांधावर मारलं तेव्हा चालत होतं.

तरी तू विचारलंस म्हणून सांगते. प्रती मी घरी ठेवीन, पण एका अटीवर. नवा अर्ज लिही. १९९५ चा आमचा विरोध खोटा होता, तो मागे घेतो, गावाला आरोग्य केंद्र द्यावं, गावठाणाची जागा अपुरी पडत असेल तर रस्त्याला लागून आमचे वीस गुंठे आम्ही विनामोबदला देतो. तुझ्या हाताने लिही, त्याच अक्षरात. 'सदर' चार वेळा आलं पाहिजे.

खाली उकंडरावांचा डावा अंगठा हवा. सही चालणार नाही. त्यांची सही फार ऐटदार आहे, साऱ्या तालुक्यात लोक ती ओळखतात. मला अंगठाच हवा. आणि अंगठा देण्याआधी कागद त्यांना वाचून दाखवायचा नाही.

मी कार्यक्रमाला येईन, मागच्या रांगेत बसेन. झेरॉक्सची पिशवी पायाशी असेल.

धम्मदीपा

---

काटेपिंपळ
५ मार्च

दीपा,

तू मागच्या रांगेतून उठून गेलीस ते मी स्टेजवरून पाहिलं. त्यामुळे पुढचं तुला माहीत नाही. आधी जे तू पाहिलंस तेही माझ्या बाजूने सांगते, कारण लोक त्याचा भलताच अर्थ लावून बसलेत.

ओवाळून झालं, अंकाचं प्रकाशन झालं, मग लेकीचं मनोगत म्हणून माईक माझ्याकडे आला. मी लिहून आणलेलं भाषण बाजूला ठेवलं. म्हटलं, आबांच्या वर्गाची हजेरी घेऊ या. तुझ्या पत्रातली यादी माझ्याकडे होती, उरलेली नावं हरीओम सरांकडून घेतली. पुंजाजी. कोणी बोललं नाही. किसन. झ्यामसिंग. प्रत्येक नावानंतर मी थांबत होते. लोकांना आधी मौज वाटली, मग मांडव गप्प होत गेला. उकंडराव म्हटलं तेव्हा आबा पाटावर ताठ बसले आणि खणखणीत 'हजर' म्हणाले. टाळ्या पडल्या.

त्यानंतर मी गोविंदा हे नाव घेतलं. आणि आबा, डोळे मिटून, बारीक पोरासारखा आवाज काढून म्हणाले, "हजर."

लोकांनी अशा टाळ्या वाजवल्या की मंडपवाल्या पोरांनीही वाजवल्या. माझ्या शेजारच्या मावशी रडायला लागल्या. एक्याऐंशीव्या वर्षीही दोस्ताचं नाव विसरला नाही म्हणाल्या. आता सगळ्या गावात तीच गोष्ट चाललीय. तू तेव्हाच उठलीस. पिशवी घेऊनच उठलीस, आणि ती खुर्च्यांकडे न वळता फाटकाकडे गेली तेव्हा मी सुटले. पण मला हेही वाटलं की तू त्या प्रती ठेवायला हव्या होत्यास.

पंगती उठल्यावर, आबा जेवायच्या आधी, मी त्यांना आतल्या खोलीत नेलं. लखनदादाच्या कृषी केंद्रातला शिक्क्याचा पॅड मागवून ठेवला होता. कागदाच्या वरच्या अर्ध्या भागावर मी गौरव अंक ठेवला आणि खालची मोकळी जागा पुढे केली.

"काय व्हय हे?" आबांनी विचारलं.

"कागद व्हय. अंगठा द्या."

"अंगठा कायले? म्या का अडानी हावो? पेन आन."

मी म्हटलं, सही चालत नाही, अंगठाच लागतो. ते हसले, चष्मा शोधायला लागले. चष्मा माझ्या मुठीत होता.

"मंग वाचून तं दाखव, मंजे."

दीपा, इतक्या दिवसांत मला हे कसं म्हणायचं तेच जमत नव्हतं. त्या वेळी सहज तोंडून निघालं. "गोविंदाकाकाले वाचून दाखवला व्हता का?"

आबांना ऐकू कमी येतं म्हणून मी परत म्हणणार होते, तेवढ्यात त्यांनी हात पुढे केला. डावा हात. डावा अंगठा लागतो हे मी सांगितलेलं नव्हतं. पॅडवर त्यांनी स्वतःच दाबला आणि कागदावर स्वतःच टेकवला. ठसा जरा फाकलाय. मग म्हणाले, "आता जेवलो नाई तं चालन का?" आणि भिंतीकडे तोंड करून निजले.

त्या दिवसापासून ते अंगठा साबणाने घासतात. शाई केव्हाच गेली आहे.

लखनदादाला सगळं सांगितलं. तो माझ्याशी बोलत नाही. वीस गुंठ्यांसाठी नाही, आईसाठी. तो म्हणाला, गाडी मी चालवत होतो, मंजे, एकोणीस वर्षं मीच हळू चालवली असं मला वाटत आलंय.

अर्ज सोबत आहे. 'सदर' चार वेळा आलंय. मोजून घे.

मंजुषा

---

मेडशी
१२ मार्च

मंजुषा,

अर्ज मिळाला. मोजला, चार वेळा आहे. काल वाशीमला जाऊन दाखल केला, पोच घेतली. आवक क्रमांक माझ्याकडे आहे. कारकून म्हणाला, ताई, हल्ली अंगठा कोण देतं? मी म्हटलं, देतात.

मांडवातून उठले ते त्या 'हजर'साठी. तिथे बसले असते तर प्रती खुर्च्यांवर न ठेवता तुझ्या आबांच्या तोंडावर फेकल्या असत्या, आणि मग कागदाचं काम अर्धवट राहिलं असतं. मला राग काढायचा नव्हता, अंगठा हवा होता. टाळ्या वाजवणाऱ्यांना मी ओळखते, त्यातल्या निम्म्यांच्या घरची मरणं माझ्या यादीत आहेत.

तुला माफ केलं असं समजू नकोस. सोळा वर्षांच्या मुलीला काय कळतं, हे माझ्या मनात येऊन गेलं. पण मीही सोळाचीच होते, आणि मला बापाचा आनंद बघून गूळ खाताना कळायला हवं होतं की तुमच्या ओट्यावरून आमच्यासाठी चांगला कागद येत नसतो. दोघींनाही कळलं नाही. तुझ्या न कळण्याने दोन माणसं गेली, माझ्या न कळण्याने कोणी गेलं नाही. एवढा फरक राहणारच.

लखनला सांग, गाडी हळू नव्हती. दवाखाना लांब होता, तो लांब केलेला होता. मी हे त्याला फुकट सांगतेय, बाकी कोणाला काही फुकट देणार नाही.

चारशे प्रती माझ्याकडेच आहेत, लसीच्या पेटीखाली. केंद्राची पहिली वीट बसेपर्यंत त्या तिथेच राहतील. वीट बसली नाही तर पुढच्या एक जुलैला बघू.

आता शेवटचं. आबा तुला विचारतील, कागदात काय होतं. आज नाही विचारलं तर उद्या विचारतील. सांगू नकोस. माझे बाबा अंगठा दिल्यापासून मरेपर्यंत दोन वर्षं नऊ महिने एका रिकाम्या जागेकडे बघत होते, आपण कशावर अंगठा दिला हे माहीत नसताना. उकंडरावांनाही तेवढंच थांबू दे. तोवर त्यांना त्र्याऐंशी पूर्ण होऊन वर पाच महिने होतील.

त्यांना ते सहज जमेल.

धम्मदीपा